चला, गाडीत बसा

अफगाणिस्तानातल्या जामच्या मिनारापाशी ग्रुपला किती वेळ द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हेरातहून निघून, ओबे, चिश्त करत, हाडं खिळखिळी होऊन माणसं तिथे पोचतात. हरीरूद आणि जामरूद या नद्या मिळतात त्या अरुंद घळीत तो 65 मीटर उंचीचा विटांचा मिनार उभा आहे, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिसला की गाडीतली पाठदुखी, पोटदुखी, रुसवेफुगवे सगळे गप्प. तो घोरी सुलतान घियासुद्दीनने 12व्या शतकात उभारला. आपण शाळेत शिकलेला महंमद घोरी हा त्याचा धाकटा भाऊ, एवढं सांगितलं की लोक पुन्हा मान वर करतात. विटांच्या पट्ट्यांतून कुराणातली अख्खी सूरह मरियम गुंफलेली आहे. ती डोळ्यांनी धरता धरताच तास जातो. अशा जागी आणलेल्या माणसाला ‘चला, गाडीत बसा’ म्हणणं म्हणजे पंगतीत वरणभात कालवणाऱ्याचा हात धरून त्याला उठवणं. मी ते म्हणतो. दर वेळी म्हणतो.

कारण थांबलेल्या गाडीची बातमी पुढे जाते. आधी मुलं जमतात, मग मोठी माणसं, मग कोणीतरी मोटरसायकलवर येतो, ग्रुपकडे बघतो आणि काही न बोलता निघून जातो. तो कुठे जातो? बहुतेक वेळा घरी जेवायलाच जात असणार. या ‘बहुतेक’चं काय करायचं, हाच माझ्या कामातला न सुटणारा भाग. परवानग्या मिळवता येतात. प्रत्येक प्रांतात माहिती आणि संस्कृती खात्याच्या कचेरीत चहा पिऊन शिक्का घ्यायचा, झेरॉक्सचा गठ्ठा बाळगायचा, नाक्यानाक्यावर एकेक प्रत सोडायची. ‘हिंदुस्तान’ म्हटलं की निम्मं काम होतं. चिश्तजवळचं सलमा धरण भारताने बांधून 2016 साली सुरू करून दिलं, ते त्या बाजूच्या लोकांना माहीत असतं. पण थांबल्यावर माणसं उठवायची कशी, यावर कुठल्याही कचेरीचा शिक्का नाही.

माझी एक रीत होती. कारण कधीच सांगायचं नाही. कारण सांगितलं की चर्चा होते, आणि मराठी ग्रुपमध्ये चर्चा झाली की सूर्य मावळतो. मी गोष्ट अर्धी ठेवायचो. बामियानजवळच्या शहर-ए-गुलगुलाच्या टेकडीवर उभं राहून 1221 सालचा वेढा सांगायला लागायचो. चंगीझखानाचा लाडका नातू या वेढ्यात बाण लागून मरतो, आजोबाला बातमी कळते... आणि इथे मी बोलत बोलत उताराला लागायचो. माणसं मागोमाग यायची. आजोबाने पुढे काय केलं ते गाडीचं दार लागल्यावर. आपल्याला हाकत खाली आणलं, हे एकाही माणसाच्या कधी लक्षात आलं नाही. या गोष्टीचा मला जितका अभिमान आहे तितका मार्ग काढण्याचा नाही, नाक्यावरून ग्रुप सोडवून आणण्याचाही नाही.

ही युक्ती एका ठिकाणी हमखास फसते. कंदाहारात अहमदशाह अब्दालीची अष्टकोनी कबर आहे, निळ्या घुमटाची. तिथे आमच्या लोकांना गोष्ट अर्धी सांगता येत नाही, कारण ती त्यांना माझ्याहून जास्त येते. आत अदबीने जातात, बाहेर येऊन बूट घालता घालता पानिपतावर सुरू होतात. कुंजपुरा घेतल्यावर भाऊंनी काय करायला हवं होतं, बागपतला अब्दाली यमुना उतरला तेव्हा नजर कुठे होती, होळकर बरोबर की चूक. आवाज चढतात. एकदा पहारेकरी विचारायला आला, हे लोक आपसात का भांडतायत? मी म्हटलं, घरगुती आहे. खोटं नव्हतं. त्यात कोणीतरी ठासून सांगतंच की सैन्याबरोबर यात्रेकरूंचा लवाजमा न्यायलाच नको होता. हे मला, बारा यात्रेकरूंच्या मागे उन्हात उभ्या असलेल्याला!

यात्रेकरूंवरून आठवलं. हल्ली देश मोजणारे येतात. त्यांना मिनार नको, पासपोर्टावरचा शिक्का हवा. काही जण ‘जगातला सर्वांत धोकादायक’ अशी जाहिरात करून माणसं आणतात आणि नाक्यावरच्या पोराची बंदूक हातात घेऊन फोटो काढू देतात. त्या पोराला मजा वाटते, त्याच्या वरच्याला वाटत नाही, आणि भोगतो तो मागून येणारा ग्रुप. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या तिकडे फिरकत नाहीत हे एका परीने बरंच आहे. त्यांनी यकावलंगमध्येही आचारी नेऊन श्रीखंड-पुरी वाढली असती. हे मी थोडं जळून लिहितो आहे. त्यांच्या गाड्या वेळेवर सुटतात.

धोक्याचा नकाशा मी एकेकाळी तळहातासारखा ओळखायचो. गझनीवरून कंदाहारला जाणाऱ्या रस्त्याचं नाव काढायची सोय नव्हती. बामियान म्हणजे आमची सुट्टी. तिथे ड्रायव्हर पाय पसरून झोपायचे, मी ग्रुपला बाजारात मोकळं सोडायचो. 2001 च्या मार्चमध्ये पाडलेल्या बुद्धांचे 55 आणि 38 मीटरचे रिकामे कोनाडे समोर, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याने 1969 पासून काही वर्षं त्या मूर्तींची डागडुजी केली होती हे सांगताना माझा आवाज उगाच भरदार व्हायचा. 2021 ला लढाई थांबल्यावर गझनीचा रस्ता खुला झाला. आणि 17 मे 2024 ला बामियानच्या बाजारात बंदुकवाल्याने पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. तीन स्पॅनिश माणसं गेली, त्यांच्याबरोबरचे अफगाणही गेले. मी तेव्हा पुण्यात होतो. खरेदीचा तो थांबा माझ्या प्रत्येक कार्यक्रमात होता आणि त्याला मी वेळेची मर्यादा कधीच घातली नव्हती. ती एकच जागा अशी होती.

त्याच वर्षी माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागलं. तिकडे गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. लीडर ड्रायव्हरच्या उजवीकडे बसतो, म्हणजे ड्रायव्हरकडे असतो तो डावाच कान. आपल्या रस्त्यांवर असतो तर अजून दहा वर्षं निभावलं असतं. ड्रायव्हर बोलतो ते ऐकायचं नसतंच. तो गुणगुणायचा कधी थांबतो, गाण्याचा आवाज कधी बारीक करतो, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला खिडकीतून एरवीपेक्षा दोन शब्द जास्त का विचारतो, हे ऐकायचं. पुढचा थांबा घ्यायचा की सोडायचा, ते मी त्यावर ठरवत आलो.

म्हणून गेल्या खेपेला पुढची सीट माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलीला दिली आणि मागे बसलो. पहिल्याच दिवशी नाश्त्याला तिने ग्रुपसमोर सगळं मांडलं. कुठे थांबू, कुठे नाही, का नाही, बामियानच्या बाजारात काय झालं होतं. मी तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, “काका, मोठी माणसं आहेत ती. त्यांना कळू दे ना.” त्या दिवशी जामला तिने नुसता हात वर केला आणि माणसं गाडीत येऊन बसली. एक सत्तरीच्या बाई तर पेल्यातला चहा ओतून धावत आल्या. मला फार वाईट वाटलं. त्याच बाईंना रात्री झोप लागली नाही, दोनदा दार वाजवून विचारलं, कडी नीट लागली आहे ना? तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

लाल नावाचं गाव सोडल्यावर बायकांच्या सोयीसाठी मी एक ओढ्याचं वळण राखून ठेवलेलं असतं. तिने तिथे गाडी थांबवलीच नाही. पुढच्या वस्तीत एका घराचं दार वाजवलं, आतल्या बाईशी बोलली, आणि आमच्या सगळ्या बायका आत गेल्या. आम्ही पुरुष बाहेर. मुलं जमली, मोठे जमले, मोटरसायकलवाला आला, बघून गेला. ड्रायव्हर गुणगुणत होता की नाही ते मला मागून ऐकू येईना. जवळजवळ तासाने बायका बाहेर आल्या, हसत, काहींच्या ओंजळीत सुकवलेले जर्दाळू. आत काय झालं ते त्या बामियानपर्यंत एकमेकींना सांगत होत्या. इतकी वर्षं अफगाण घराबद्दल मी जे रंगवून सांगत आलो ते सगळं मेहमानखान्यात बसून पाहिलेलं. त्या भिंतीपलीकडे मी कधी गेलेलो नाही, जाणारही नाही.

तिला मी म्हटलं, तास फार झाला. ती म्हणाली, “त्या घरातल्या आजोबांनी वस्तीवाल्यांना सांगितलं होतं, पाहुणे आहेत म्हणून. तुम्ही ऐकलं नाही का?”

पुण्याला आल्यावर कानाचं यंत्र घेतलं. घरात लावतो. वाऱ्याच्या आवाजाने गाडीत त्याचा उपयोग होत नाही असं तिला सांगून ठेवलं आहे. यंत्र ग्रुपला दिसेल, हे नाही सांगितलं.