तहकुबीची वर्षे

जमीन-महसुलाच्या कारभारातला ‘तहकुबी’ हा मोठा समंजस शब्द आहे. पीक बुडाले म्हणजे शेतसाऱ्याची वसुली पुढच्या बऱ्या सालापर्यंत थांबविली जाई. जमीन खातेदाराकडेच राही, देणेही राही, परंतु ज्या वर्षी शेतात काही उगवलेच नाही त्या वर्षी दारात तगादा येत नसे. एरिक एरिक्सन या मनोवैज्ञानिकाने किशोरवयासाठी ‘मोरेटोरियम’ ही जी संज्ञा योजली तिला, वसईत समुपदेशन करीत आलेल्या मला, याहून नेमका मराठी शब्द सापडलेला नाही. १९०२ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा मनुष्य ज्यू सावत्र वडिलांच्या घरी वाढला. प्रार्थनामंदिरात रूपामुळे परका आणि शाळेत ज्यू म्हणून परका ठरला. जन्मदात्याचे नाव त्याला अखेरपर्यंत कळले नाही, आणि १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्याने स्वतःच धारण केले. ‘मी कोण’ या प्रश्नाला मुदत लागते, हे त्याने आधी भोगले आणि मग लिहिले.

आमच्या वसई-विरारमध्ये या प्रश्नाचा तगादा अनेक भाषांतून चालतो. पूर्वेकडील पाड्यांतल्या वारली मुलाला आणि कोकणातून किंवा उत्तर प्रदेशातून नालासोपाऱ्यात येऊन राहिलेल्या घरातील मुलीला तो निरनिराळ्या रूपांत भेटतो. परंतु येथे मी एकाच घराविषयी, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, लिहिणार आहे. उत्तर वसईतील सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, समाजातले ते कुटुंब. आडनाव पोर्तुगीज, घरची बोली कादोडी, परसात केळी, आणि चौदा वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. ‘तुम्ही गोव्याचे का?’ असे वर्गातली मुले त्याला विचारीत. १५३४ पासून, चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ मध्ये किल्ला घेईपर्यंत, येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या दोन शतकांत कित्येक घरांचा धर्म बदलला, आडनावे बदलली, परंतु चुलीपाशी बोलली जाणारी बोली तगून राहिली, हा सारा इतिहास त्या मुलाने मधल्या सुट्टीत कोणाला आणि कसा समजावून सांगावा? त्याने सोपा मार्ग धरला. लाल लुगड्यातल्या आजीशी कादोडीत बोलणे सोडले, आणि शाळेच्या कार्यक्रमाला तिने येऊ नये असे आईला सांगितले.

माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा वडील अत्यंत दुखावले होते. जेवताना कादोडीखेरीज एक शब्द चालणार नाही, असे फर्मान त्यांनी घरात काढले. शिवाय आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि तू मात्र आजीला लाजतोस, हे ते मुलाला दररोज ऐकवीत. दाखला खरोखर गौरवाचा होता. पण ज्याला स्वतःच्या प्रश्नात अजून पाऊलही नीट ठेवता आलेले नाही, त्याच्यापुढे दुसऱ्याने आयुष्यभर कष्टून मिळविलेले उत्तर ठेवले म्हणजे त्याला तोही तगादाच वाटतो.

दुसऱ्या भेटीत मी वडिलांना त्यांच्या स्वतःच्या चौदाव्या वर्षाविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की, मराठी शाळेत त्यांच्या तोंडून एकदा कादोडी शब्द निघाला तेव्हा सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांनी वर्गात हात वर केला नाही. ही हकिकत त्यांनी पत्नीलाही कधी सांगितली नव्हती. मुलाच्या ओळखीची चिंता घेऊन येणाऱ्या पालकांच्या मनात पुष्कळदा अशी जुनी लाज थकबाकीसारखी पडून असते, आणि नकळत तिचा भरणा ते मुलाकडून करून घेऊ पाहतात. ‘अस्मिता’ हा शब्द आज आपण छाती पुढे काढून उच्चारतो. पतंजलींनी मात्र योगसूत्रांत तिची गणना पाच क्लेशांमध्ये केली आहे, आणि पालकांशी बोलताना मला ती गणना फार खरी वाटते.

मी त्यांना सुचविले की, फर्मान मागे घ्यावे. आजीने मात्र आपली बोली एका शब्दानेही सोडू नये, कारण मुलाच्या कानावर घरचा आवाज राहिलाच पाहिजे. शाळेतली ती हकिकत कसलाही उपदेश न जोडता मुलाला सांगावी. आणि तो दुसऱ्या भाषेत उत्तर देईल तर देऊ द्यावे. आजीचा अवमान तेवढा खपवून घेऊ नये. तहकुबीतही देणे बुडत नसते.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. मुलगा कादोडी बोलू लागला नव्हता. परंतु संध्याकाळी तो आजीजवळ ओटीवर बसू लागला होता. ती कादोडीत विचारी, तो इंग्रजीमिश्रित मराठीत उत्तर देई, आणि दिवे लागल्यानंतरही दोघांचे बोलणे चालूच असे.

“हे असंच चालू दिलं तर चालेल का?” त्यांनी विचारले.

“चालेल,” मी म्हटले. “आजी त्याला काय विचारतात?”

“माझ्या शाळेविषयी,” ते म्हणाले, “तो तिला विचारतो.”