हवेतली दाटी

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास घरोघरी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, की आमच्या इमारतीतली हवाही दाटून येते. नेमका तेव्हाच बंगळूरहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो आणि तिचा चेहरा अर्ध्या हसण्यावरच थबकतो. इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या, असं सगळे सुचवत होते. पण पहाटे पाचला तेच वायफाय निर्मळ वाहायचं, तेव्हा उणीव वेगाची नसावी, असं मला वाटत राहिलं.

मग अण्णांचा ट्रान्झिस्टर आठवला. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रं वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन येत आणि बातम्यांच्या तळाशी कुठलंसं अनोळखी गाणं झुळझुळत राही. अण्णा आवाज वाढवत नसत. ते ट्रान्झिस्टरच अलगद फिरवत. आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक त्या आगंतुक केंद्राच्या दिशेला आलं, की गाणं विरत जाई.

वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 साली परवानामुक्त झाला. गावच्या पाणवठ्यासारखा तो सगळ्यांचा. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सारे तिथेच. मला हलवून गेली ती राउटरची रीत: बोलण्याआधी तो ऐकतो, दुसरा कुणी बोलत असेल तर थांबतो. एकाच चॅनेलवरचे राउटर असे पाळीपाळीनं बोलतात. पण 1, 6 आणि 11 सोडून कुणी अधलामधला चॅनेल धरला, की त्याचं बोलणं दोन्हीकडच्यांना नुसता कोलाहल वाटतो.

आमचा राउटर लोखंडी कपाटामागे, मायक्रोवेव्हच्या शेजारी बसला होता. तो दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या फळीवर आणला. त्यातल्या त्यात मोकळा म्हणून 11 नंबरचा चॅनेल दिला आणि त्याची रुंदी 40 वरून 20 मेगाहर्ट्झवर आणली, शेजाऱ्यांनाही जागा राहावी म्हणून. माझा फोन मात्र 5 गिगाहर्ट्झवर घेतला. भिंतींपाशी तो पट्टा लवकर थकतो, पण तिथे ऐसपैस मोकळीक असते, आणि मी तर त्याच खोलीत बसते.

काल बोलता बोलता लेक म्हणाली, "आई, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर."