पिल्लं नसलेलं बेट

माझा भाचा युगांडातल्या कंपालात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेले तेव्हा गोरिला पाहायचा बेत होता, पण परवान्याची किंमत ऐकून तो मुकाट्याने रद्द केला आणि आम्ही न्गाम्बा बेटाकडे वळलो. एन्टेबेहून व्हिक्टोरिया सरोवरात स्पीडबोटीने पाऊण तास. वाटेत विषुववृत्त लागतं. नावाड्याने तसं सांगताच सगळ्यांनी फोन बाहेर काढले. पाण्यावर रेघ ओढलेली असणार अशी खात्रीच होती जणू!

बेट जेमतेम शंभर एकरांचं. त्यातलं जवळजवळ सगळं जंगल चिंपांझींचं, माणसांसाठी कडेचा एक तुकडा. मध्ये वीजतारांचं कुंपण, आणि पलीकडे पाणी. चिंपांझींना पोहता येत नाही, त्यामुळे सरोवरच त्यांची भिंत. 1998 पासून इथे अनाथ चिंपांझी सांभाळतात. आज पन्नासच्या आसपास आहेत.

उतरल्याबरोबर विचारलं, सर्दी-खोकला आहे का? आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते.

जेवणाच्या वेळी मचाणावर उभे राहिलो. आधी नुसता आवाज आला. खोल ‘हू-हू’, चढत चढत किंकाळीपर्यंत गेलेला. मग झाडीतून एक दांडगा नर आला, अंगावरचे केस ताठ उभारलेले. तो आल्यावर बाकीचे जरा सरकले. रखवालदार फळं फेकू लागले. एका मादीने हात वर करून पंजा पसरला, दुसऱ्याने लक्ष वेधायला चक्क टाळ्या वाजवल्या. एका हडकुळ्याने पपई पटकावली आणि मोठ्यांची नजर चुकवून पार मागे जाऊन बसला. मी बराच वेळ त्यालाच पाहत होते.

यातले बहुतेक मांसासाठी मारलेल्या आयांची लेकरं. आईला गोळी घालायची, तिचं मांस विकायचं आणि तिला बिलगलेलं पिल्लू जिवंत विकायचं, असा हा धंदा. कुणी तस्करांकडून सोडवलेलं, कुणी साखळीला बांधलेलं सापडलेलं.

एवढ्या माद्या, मग पिल्लं कुठे आहेत, असं मी विचारलं. रखवालदार म्हणाला, होऊ देत नाही. माद्यांच्या कातडीखाली गर्भनिरोधक बसवतात. मला ते आधी क्रूर वाटलं. पण एवढ्याशा जंगलात इतक्यांचं पोट भरत नाही, बरंचसं अन्न बोटीने आणावं लागतं. आणि इथे जन्मलेलं प्रत्येक पिल्लू उद्या येणाऱ्या एखाद्या अनाथाची जागा अडवणार. बाहेरच्या रानात सोडावं, तर तिथले कळप परक्याला ठार मारतात. शिवाय यांना माणसाची भीती उरलेली नाही. चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो. म्हणजे एकेकाची जबाबदारी जन्मभराची. ‘जंगलात सोडून द्या’ म्हणणं आपल्याला फुकटात परवडतं.

रात्री आम्ही बेटावरच तंबूत राहिलो. अंधारायच्या आत बहुतेक चिंपांझी आपणहून जाळीच्या निवाऱ्यात आले, मक्याची पेज प्यायले आणि टांगलेल्या झोळ्यांत चढले. भाचा हळूच म्हणाला, “मावशी, एखाद्याला जवळ घेऊन फोटो काढू देतील का गं?” रखवालदाराला भाषा कळली नाही, पण हातातला फोन कळला. त्याने मान हलवली. असले फोटो पाहूनच लोकांना घरात चिंपांझी हवासा वाटतो, असं त्याचं म्हणणं.

हा धंदा आफ्रिकेपुरता आहे असं समजायचं कारण नाही. 2019 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यातल्या तस्करीच्या एका प्रकरणात तीन चिंपांझी जप्त केले होते. गिऱ्हाईक आपल्या देशातही आहे.

तेव्हा चड्डी घातलेल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या चिंपांझीच्या पिल्लाचा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला, तर तो कृपा करून पुढे पाठवू नका.