अंतेवासी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सौंदर्यशास्त्राला अनेक वर्षांपासून स्थान आहे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) आणि रा. भा. पाटणकरांचा ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) हे ग्रंथ ज्याने वाचले नाहीत, निदान चाळले नाहीत, असा मराठीचा प्राध्यापक विरळा. या चर्चेत पदोपदी रंग, रेषा, आकार, चित्र आणि शिल्प यांचा उल्लेख येतो. साहित्याच्या माध्यमाचे वेगळेपण सांगण्यासाठी मर्ढेकरांना रंगांची आणि नादांची मदत घ्यावी लागली. परंतु लयतत्त्वावर टिपण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहून ते पाहिले आहे काय, हा प्रश्न आपल्या वर्गांत सहसा विचारला जात नाही. शिळफाट्याच्या एका विद्यार्थ्याला तो स्वतःच स्वतःला विचारावा लागला.

शिळफाटा हे खोपोलीचे नाके. जुना मुंबई-पुणे महामार्ग बोरघाट चढण्यापूर्वी येथून जातो. वर डोंगराच्या उतारावरून टाटांच्या जलविद्युत केंद्राचे प्रचंड नळ खाली उतरलेले दिसतात. ते केंद्र १९१५ साली सुरू झाले. नाक्यावर मालमोटारी थांबत. चालक चहा घेत, टायर तपासत आणि मग घाटाला लागत. चहाची दुकाने, खानावळी, टायरवाले, गॅरेज या सगळ्यांना पाट्या लागत आणि त्यांतल्या पुष्कळशा पाट्या या विद्यार्थ्याच्या थोरल्या चुलत्यांनी रंगविलेल्या होत्या. घरात त्यांना अण्णा म्हणत. नाक्यावर ते ‘पेंटर’ होते. पुढे द्रुतगती महामार्ग आला. २००२ साली तो पूर्णपणे खुला झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली. त्याच सुमारास छापील फ्लेक्स आले. अण्णांचे काम आधी कमी झाले, नंतर थांबले. रंगाचे डबे घरामागच्या पडवीत जाऊन बसले. पुतण्या तोवर पुस्तकांत रमला होता. चुलत्यांच्या कामाचा कलेशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही आले नव्हते. किंबहुना महाविद्यालयात ‘घरी कोण काय करते’ या प्रश्नाला उत्तर देताना तो ‘किरकोळ धंदा’ एवढेच सांगत असे.

एम. ए. च्या पहिल्या वर्षी लयतत्त्वावरील त्याच्या टिपणाची वर्गात प्रशंसा झाली. संवाद, विरोध आणि समतोल या तिन्हींची व्याख्या त्याने अचूक दिली होती. शिक्षकांनी सहज विचारले, “उदाहरणादाखल एखादे चित्र सांगा.” त्याने ग्रंथातलेच उदाहरण सांगितले. “ते झाले. तुम्ही पाहिलेले सांगा.” यावर तो गप्प राहिला. वर्गातील इतरही गप्प राहिले. शिक्षकांनी विषय वाढविला नाही. तास पुढे सरकला. ती शांतता मात्र त्याच्या मनातून गेली नाही. आपल्याजवळ शब्द आहेत आणि ते ज्यासाठी निर्माण झाले ती वस्तू नाही, ही जाणीव अभ्यासू विद्यार्थ्याला नापास होण्यापेक्षाही जास्त बोचते.

खोपोलीहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ११५ किलोमीटर आहे. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी ही लहान स्थानके ओलांडून गाडी कर्जतला येते आणि मग मुख्य मार्गाला लागते. जाऊन-येऊन दिवस मोडतो. तरीही त्या वर्षी त्याने सुट्टीच्या दिवशी काळा घोडा परिसराची वाट धरली. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशमूल्य नसते, ही गोष्ट त्याच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

पहिल्या दोन-तीन खेपा सर्वस्वी व्यर्थ गेल्या. तेथे नेमके काय घडत होते, हे त्याला पुढे उमगले. दालनात शिरताच तो प्रथम चित्राशेजारची चिठ्ठी वाचत असे. चित्रकाराचे नाव, शीर्षक, साल. शीर्षक वाचले की चित्रात ते शोधायचे. सापडले तर पुढच्या चित्राकडे वळायचे, न सापडल्यास ‘दुर्बोध’ म्हणून पुढे सरकायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला वाचनाची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तो चित्रही वाचतोच. वाचनात अक्षर मागे पडते आणि अर्थ पुढे येतो. मुद्रित पानावरील ‘क’चा गोलवा कसा आहे, हे कोणी पाहत नाही, पाहू लागला तर वाचन थांबेल. चित्राच्या बाबतीत नेमके उलटे असते. तेथे अर्थ हाती आला म्हणून रेषा मागे पडत नाही. पण हे कळण्यासाठी त्याला आधी एका ठिकाणी अडकावे लागले.

२०१९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतील दालनात प्रभाकर बरवे यांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले होते. सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या वास्तूत हे दालन १९९६ पासून आहे. बरवे यांचा जन्म १९३६ चा, रायगड जिल्ह्यातल्या नागावचा. सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले, विणकर सेवा केंद्रात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली आणि १९९५ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक या विद्यार्थ्याने वाचले होते. त्यामुळे येथे तरी आपण अडखळणार नाही, अशी त्याची समजूत होती.

तो अडखळलाच. घड्याळ, पान अशा ओळखीच्या वस्तू समोर होत्या. प्रत्येकीचे नाव त्याला सांगता येत होते. परंतु नावे सांगून झाल्यावर चित्र संपत नव्हते. वस्तू एकमेकींपासून दूर ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यामधली मोकळी जागा वस्तूंइतकीच ठसठशीत होती. अर्थ लागेना, म्हणून तो थांबला. थांबल्यामुळे त्याचे लक्ष रंगाच्या पृष्ठभागाकडे गेले. तो सपाट होता, तुकतुकीत होता आणि ती तकाकी त्याच्या परिचयाची होती. त्याने चिठ्ठी पाहिली. माध्यम म्हणून तेथे एनॅमलचा उल्लेख होता. म्हणजे पत्र्याच्या पाट्यांना, दुकानांच्या फळ्यांना, मालमोटारींच्या पाठीला लावतात तो रंग. अण्णांच्या पडवीतल्या डब्यांतला रंग.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकच रंग वापरला म्हणून पाटी आणि चित्र एक होत नाहीत आणि त्या विद्यार्थ्यालाही तसे वाटले नाही. पाटीवरील अक्षर वाचले जाताच आपले काम संपवते. बरवे यांचे चित्र वस्तूचे नाव घेऊन झाल्यानंतर सुरू होते. हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु त्या रंगाच्या ओळखीमुळे त्याला प्रथमच असा प्रश्न पडला की हे केले कसे? कडा इतकी स्वच्छ कशी आली? दोन आकारांतले अंतर कशाने ठरविले? ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नाने त्याला इतके दिवस दाराबाहेर उभे केले होते. ‘हे केले कसे’ या प्रश्नाने त्याला आत घेतले.

त्याच हिवाळ्यात तो कोंडाण्याच्या लेण्यांत गेला. कर्जतजवळ कोंडिवडे गावापलीकडे, राजमाचीच्या पायथ्याशी ही लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम मानले जाते. पावसाळ्यात तेथे लेण्यांच्या तोंडावर धबधबा कोसळतो आणि शाळकरी वयापासून तो तेथे मित्रांबरोबर भिजायला जात असे. लेणे म्हणजे धबधब्यामागची अंधारी जागा, एवढीच त्याची ओळख होती. आता पाणी नव्हते आणि सोबतही कोणी नव्हते. चैत्यगृहाची कमान, तिच्या आजूबाजूला लाकडी बांधणीची नक्कल करणारे वेदिकेचे आणि जाळीचे कोरीव काम, मधूनच मानवी आकृती, असे सगळे ऊन सरकेल तसे क्रमाने उजळत होते. लाकडात काम करणाऱ्या हाताची सवय दगडात उतरलेली स्पष्ट दिसत होती. दगडाला अशा तुळयांची आणि वाशांची गरज नसते. तरीही त्या कोरलेल्या होत्या. ‘माध्यम’ हा मर्ढेकरांचा शब्द त्याने शेकडो वेळा लिहिला होता. माध्यम बदलले तरी हाताला जुन्या माध्यमाची आठवण राहते, ही गोष्ट त्याला कोणत्याही टिपणात सापडली नव्हती.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या बाजूस एका मोठ्या मूर्तीच्या मस्तकाचा भंगलेला अवशेष आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बालक याने हे केले, असा त्या प्राकृत ओळीचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहून शिकणारा शिष्य. विद्यार्थ्याला हा आशय वाचून ठाऊक होता. पण ब्राह्मी लिपी त्याला येत नव्हती. परिणामी आयुष्यात प्रथमच तो अशा अक्षरांसमोर उभा होता की जी त्याला वाचता येत नव्हती, केवळ पाहता येत होती. अक्षरांवर शिरोरेघ नव्हती. प्रत्येक खूण सुटी होती आणि तरी ओळ विस्कटलेली नव्हती. ती कशाने सांधली गेली आहे, हे तो बराच वेळ पाहत राहिला. दोन अक्षरांमधल्या जागेने ती सांधली गेली होती.

ओळीचा आशयही त्याला नव्याने जाणवला. ‘हे सुंदर आहे’ असे बालक म्हणत नाही. मूर्ती कोणाची, तेही सांगत नाही. ‘केले’ एवढेच तो सांगतो आणि आपले नाव सांगण्याआधी आपण कोणाजवळ शिकलो ते सांगतो.

कलेचे शिक्षण कोणाच्या तरी सन्निध राहून, हाताने करत होते, याची उदाहरणे आधुनिक काळातही आहेत. १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. ते कॅनव्हास जळाले. पण अजिंठ्याची एकेक रेषा स्वतःच्या हाताने काढताना त्या मुलांच्या डोळ्यांना जे वळण लागले असेल ते जळणे शक्य नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याला असे वळण लावण्याची सोय आपल्या शिक्षणात नाही. त्याला कुंचला हाती घ्यायला लावावे असे नव्हे. पण कुंचला हाती घेतलेल्या माणसाशेजारी त्याने कधी बसलेले नसते, हे खरे आहे.

कोंडाण्याहून परतल्यावर त्या संध्याकाळी तो पडवीत अण्णांजवळ जाऊन बसला. पाटी कशी करतात, असे त्याने विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न घरातल्या कोणीच विचारलेला नव्हता. अण्णांनी आधी त्याच्याकडे संशयाने पाहिले. मग सांगू लागले. पत्र्याला आधी अस्तर द्यायचे. खडू लावलेली दोरी ताणून सोडायची म्हणजे शिरोरेघ सरळ येते. सावली द्यायची असेल तर सगळ्या अक्षरांची एकाच अंगाला. पिवळ्यावर लाल लांबून उठते, हे चालकांसाठी. “आणि अक्षर कोणी पण काढील रे. मधली जागा सोडता आली पाहिजे.” संवाद, विरोध, समतोल. परिभाषा सोडली तर काही उणे नव्हते. विद्यार्थ्याला ती परिभाषा त्यांना ऐकवावीशी वाटली. पण त्याने ऐकवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर पाट्या पाहत हिंडला. लहानपणी याच पाट्यांवरून तो अक्षरे जुळवून वाचायला शिकला होता. त्यामुळे त्या त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. आता बहुतेक ठिकाणी फ्लेक्स होते. टायरच्या एका बंद दुकानावर फ्लेक्सचा एक कोपरा वाऱ्याने फाटून लोंबत होता आणि मागचा जुना पत्रा उघडा पडला होता. पिवळ्या जमिनीवर तीन लाल अक्षरे, त्यांची उजवीकडे पडलेली काळी सावली आणि खाली अगदी कोपऱ्यात बारीक, तिरप्या अक्षरांत रंगविणाऱ्याचे नाव. पेंटर लोक आपल्या कामाखाली असे नाव घालत. शिळफाट्यावरची प्रत्येक पाटी त्याने शेकडो वेळा वाचली होती. हा कोपरा त्याच्या नजरेतून दर वेळी निसटला होता.

पुढच्या सत्रात त्याने लयतत्त्वावरील टिपण पुन्हा लिहिले. ते पहिल्यापेक्षा आखूड झाले. उदाहरणे दोनच होती. एक बरवे यांच्या चित्रातील रिकाम्या जागेचे आणि दुसरे शिळफाट्यावरील एका पत्र्याच्या पाटीचे. पाटी कोणी रंगविली, ते त्याने टिपणात लिहिले. आणि आपले त्यांच्याशी नाते काय, तेही.