बाही जरा वर घ्या

आमच्या यवत गावातल्या जुन्या घरांत भिंतीवर टांगलेले सत्तरच्या दशकातले फोटो नीट पाहिले तर सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. पुरुष खुर्चीवर ताठ बसलेला, टोपी सरळ, डावा हात मांडीवर आणि त्या हाताची बाही मनगटापासून चार बोटं मागे. बाही अशी आपोआप सरकत नाही. दौंडच्या स्टुडिओतला फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालण्याआधी सांगायचा, "पाव्हणं, बाही जरा वर घ्या, घड्याळ येऊ द्या." ज्याच्याकडे घड्याळ नसे त्याला टेबलाच्या खणातून स्टुडिओचं घड्याळ मिळे. ते बंदच होतं, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत. पुढे मी भावकीतल्या दोन-तीन घरांतले फोटो भिंगाखाली धरून पाहिले. पट्टा तोच, काटेही त्याच जागी. बांधावरून जन्मभर भांडलेले दोघे चुलतभाऊ एकाच बंद घड्याळावर ऐट मारून बसलेले होते.

अण्णांच्या फोटोतलं घड्याळ मात्र त्यांचं स्वतःचं. लग्नात सासऱ्यांनी घातलेलं एच.एम.टी. जनता. त्या काळी आमच्याकडे नवरदेवाचा रुसवा घड्याळ, अंगठी आणि सायकल या तिन्हींभोवती फिरायचा, आणि त्यात सायकल मिळणं सोपं होतं. बंगळुरूत १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सरकारी कारखान्यात घड्याळं बनू लागली होती, पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली होती. पण मागणी पुऱ्या देशाची. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध, त्यामुळे सायको नाहीतर रिको हवं असेल तर मुंबईतला चोरटा माल. आजोबांनी कुणाकुणाची ओळख काढून ते जनता मिळवलं हे आई आम्हाला सांगायची, ते सांगताना आवाज थोडा चढवून, म्हणजे अण्णांच्या कानावर जावं.

डायलवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं. गावात बातमी फिरली की आत सतरा हिरे आहेत. एका नातलगाने झाकण उघडून दाखवायचा आग्रहही धरला होता. आत असतात ती कारखान्यात तयार केलेली माणकं. चाकांच्या आसांची टोकं केसासारखी बारीक, ती पितळेत फिरली तर भोक झिजवतील. माणकाच्या कठीण, गुळगुळीत खोबणीत फिरली तर वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना बाजारात फारशी किंमत नाही. पण अण्णांनी हे कुणाला सांगितलं नाही. सतरा हिऱ्यांचं घड्याळ मनगटावर असणं त्यांना आवडत असावं.

तर असं ते घड्याळ दाखवून झालं आणि मग त्याचं बिल यायला लागलं. घड्याळ दाखवलेल्या माणसाला वेळ विचारायचा गावाला हक्क असे. आमची विहीर भावकीत सामाईक होती आणि पाण्याची पाळी तासांवर. घड्याळ येण्याआधी हे तास सावलीवर आणि रेल्वेवर चालत. दुपारची दौंडकडे जाणारी पॅसेंजर गेली की इंजिन बंद करायचं, पाणी दुसऱ्याच्या पाटाला. गाडी लेट झाली की एकाचा ऊस जास्त भिजे आणि दुसऱ्याच्या तोंडाला फेस येई. अण्णांच्या मनगटावर घड्याळ चढलं आणि हा सगळा निवाडा त्यांच्याकडे आला. रात्री-बेरात्री बांधावरून हाक यायची, "अण्णा, वाजलं किती ओ?" मग कंदील वर करून, डोळे चोळत ते वेळ सांगायचे. ज्याची पाळी संपली त्याचा विश्वास बसायचा नाही, तो घड्याळ स्वतः बघायला मागायचा, आणि त्याला वेळ बघता येत नसे. कालव्याचं आवर्तन सुटलं की मग तर अण्णांना झोपच नव्हती. खडकवासल्याहून निघालेलं पाणी आमच्यापर्यंत येईतो पाटकऱ्यापासून शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत सगळे घाईला आलेले असत.

बाळंतिणीच्या घरातूनही पोरगं पळत यायचं. मूल जन्मलं ती वेळ पत्रिकेसाठी हवी असे. आता हे घड्याळ दिवसाला पाच-सात मिनिटं पुढे पळत असे. अण्णा ते रोज आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर मिळवत आणि तेव्हाच चावी देत, पण संध्याकाळपर्यंत ते पुन्हा आपल्या चालीने पुढे गेलेलं असे. आमच्या आळीतल्या एका अख्ख्या पिढीचं भविष्य त्यामुळे थोडं आधीच लिहिलं गेलं आहे. त्याचा ग्रहांना काय फरक पडला ते ज्योतिषी जाणोत.

माझं पहिलं घड्याळ दहावीनंतर मामाने मुंबईहून आणलं. काळ्या प्लास्टिकचं, आकडे दाखवणारं, बटण दाबलं की उजळणारं. चावी नाही, टिकटिक नाही. १९६९ च्या नाताळात सायकोने टोकियोत क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, त्या शोधाची ही अगदी तळातली, जत्रेत मिळणारी शाखा. कॉलेजात मी ते सगळ्यांना दाखवलं आणि आठवडाभरात तसलंच घड्याळ निम्म्या वर्गाकडे आलं. मला कुणी वेळ विचारली नाही. ज्याच्या-त्याच्याकडे होतीच.

पुढे १९८७ पासून टाटांचं टायटन दुकानांत दिसू लागलं आणि घड्याळ हे पुन्हा देखणं झालं. माझ्या लग्नात सासरकडून सोनेरी पट्ट्याची जोडी आली, एक माझं, एक बायकोचं. मेव्हण्याने माझ्या मनगटावर ते चढवलं तेव्हा व्हिडिओवाला ओरडला, "थांबा थांबा, परत घाला, इकडं बघून." मेव्हण्याने काढून परत घातलं. त्या कॅसेटमध्ये माझ्या तोंडापेक्षा मनगट जास्त वेळ दिसतं. दौंडच्या त्या स्टुडिओवाल्याचाच हा वारस; फक्त काळं कापड जाऊन डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा आला होता. मग मोबाइल आले. सोनेरी जोडी कपाटात गेली. विहिरीवर मोटर बसली होती आणि पाळीचा तंटा आता विजेच्या वेळापत्रकाशी होता, त्याच्यापुढे कुणाचंच घड्याळ चालत नसे.

घड्याळ संपलं असं मला वाटू लागलं होतं, तेव्हा पुतण्याने ते घरात परत आणलं. तो शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. पहिल्या बोनसमधून त्याने सायको फाइव्ह घेतलं. आपोआप चावी भरणारं, मागून काच असलेलं, आतली चाकं दिसणारं. गंमत अशी की कामाच्या जागी ते घालता येत नाही. यंत्रात अडकू नये, मालावर ओरखडा उठू नये म्हणून शॉपमध्ये शिरताना मनगट मोकळं करावं लागतं. म्हणजे कंपनीची बस आणि रविवार, एवढंच त्या घड्याळाचं आयुष्य. मग तो रविवारी त्याचे फोटो काढतो.

सुरुवातीला मी हसलो. मग त्याच्याबरोबर जाऊ लागलो, कारण हे काम वाटतं तितकं सोपं नाही. काच आरसा होते. घड्याळाआधी त्यात फोन दिसतो, फोनमागे आपलं नाक. उन्हात डायल पांढरं पडतं, घरात पिवळं. ढगाळ सकाळ सर्वांत चांगली. फोन जवळ नेला की घड्याळ मनगटाबाहेर सांडल्यासारखं मोठं दिसतं. दोन हात लांबून घ्यायचं आणि मग वाढवायचं. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, म्हणजे कंपनीचं नाव दोन काट्यांच्या कमानीत मोकळं राहतं. जाहिरातींत तेच असतं. आम्ही यवतहून माळशिरसच्या बाजूला भुलेश्वरावर जातो. तिथला काळा दगड उजेड पिऊन टाकतो, त्यावर पोलाद खुलतं. एकदा गुऱ्हाळावर ताज्या ढेपेला टेकवून अण्णांचं जनता ठेवलं, तर उतरलेलं सोनेरी डायल आणि गूळ यांचा रंग एकच निघाला. गुऱ्हाळमालक म्हणाला, "मुंगळं लागतील हां."

पुतण्यासारखे आणखी बरेच आहेत. पुण्याचे, बारामतीचे, शिरूरचे. कधी कधी सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलात जमतात, टेबलावर रुमाल पसरतात आणि नवीन घेतलेलं घड्याळ मधोमध ठेवतात. चहा गार होतो. प्रत्येक जण आधी फोटो काढतो, मग हातात घेतो. एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला आणि त्यानंतर जनता, पायलट, कोहिनूर शोधणारी ही मंडळी वाढली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ती फिरताना दिसतात. पुतण्या तिथे मला सारखा मागे ओढतो. गुलाबी, हिरव्या, जांभळ्या डायलची चकचकीत एच.एम.टी. दिसली की समजायचं, बहुधा जुनं डायल कुणीतरी रंगवलंय. मुंबईत हा मोठा धंदा आहे आणि तिथली रंगवलेली घड्याळं जगभर जातात. अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळत नाहीत. पुतण्याला याचा राग येतो. मला अर्धाच येतो. एवढ्याशा तबकडीवर हाताने रंग चढवणाऱ्याचं कसब खोटं नाही. अस्सल म्हणून विकणारा खोटा.

या मंडळींवर माझा एक आक्षेप आहे. एवढी घड्याळं, आणि वेळ कुठल्याच घड्याळात खरी नाही. सगळी दहा-दहावर. निघायची वेळ झाली का हे बघायला सगळे खिशातून फोन काढतात. घड्याळ दाखवलं की गावाचं काहीतरी देणं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही आणि शिकवायची सोयही आता उरलेली नाही. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी इथून जवळच उरुळी कांचनला निसर्गोपचारासाठी येऊन राहिले होते. त्यांच्या कमरेला लटकणारं घड्याळ कितीतरी फोटोंत आहे, आणि मी पाहिलेल्या एकाही फोटोत ते दाखवायला म्हणून पुढे केलेलं नाही. प्रार्थनेची वेळ लोकांना दिलेली असे, त्यासाठी ते होतं. त्यांच्या वापरातलं एक झेनिथ २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात गेलं, चष्मा आणि चपलांसोबत. तेव्हा ते छान प्रकाशात, स्वच्छ पार्श्वभूमीवर ठेवून त्याचेही फोटो काढले गेले.

पण हिशेब एकाच बाजूने मांडून चालत नाही. अण्णांना आपल्या घड्याळाच्या आत माणकांपलीकडे काय आहे ते कधी माहीत नव्हतं. पुतण्याला आहे. तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, हे तो कान लावून ओळखतो. डायलवरचं 'पॅरा शॉक' म्हणजे घड्याळ पडलं तर बॅलन्सचा नाजूक आस वाचवणारी स्प्रिंग, हे त्याने मला दाखवलं. अण्णांचं जनता मी भंगारात दिलं नाही एवढंच माझं कर्तृत्व. ते चालू केलं त्याने. आणि त्यासाठी त्याने घड्याळजी शोधून काढला.

तालुक्याच्या बाजारात एका कापड दुकानाच्या जिन्याखाली हा घड्याळजी बसतो. वर्षानुवर्षं सेल बदलणे आणि पट्ट्याला भोक पाडणे एवढंच काम उरलं होतं. आता या पोरांमुळे त्याच्या खणात पुन्हा चावीची घड्याळं आली आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा शिरूरच्या एका मित्राने नव्याने मिळवलेल्या कोहिनूरचा फोटो पुतण्याने त्याच्यापुढे धरला. मागचं झाकण उघडून काढलेला, चाकन् चाक दिसणारा, फारच सुरेख फोटो. घड्याळजीने सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि फोनवर वाकला.

"नुसतं टिपकं दिसत्यात," तो म्हणाला.

पुतण्याने फोटो मोठा करून दिला. भिंग काढून त्याने पुन्हा पाहिलं. बॅलन्सकडे बोट नेलं, तर स्क्रीन सरकली आणि कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आला.

"घेऊन या म्हणावं," फोन परत देत तो म्हणाला. "फोटोत आवाज येत नाय. आन् डायल धुवू नका म्हणावं, धुतलं की आकडे निघून येत्यात. काच घासायची तर टूथपेस्ट लावा, प्लास्टिकची असंल तर. सर्व्हिसिंगचं आधी सांगणार नाय, उघडल्यावर बघू."