दम

फारसीतला ‘दम’ मराठीत आला तो श्वास हा अर्थ घेऊन. पुढे धीर, धाक, ताकद असे अर्थ त्याला लाभले. मला मात्र तो शब्दकोशात नव्हे, मातीच्या मैदानावर भेटला.

आमच्या गल्लीतला हुतूतू शालेय स्पर्धेत ‘कबड्डी’ होई. पुढे ध्वनिविचार शिकल्यावर माझ्या ध्यानात आले, की व्यंजनांपुरते पाहिले तर ‘हुतूतू’त कंठ आणि दात एवढेच राबतात, ‘कबड्डी’त मात्र कंठ, ओठ आणि मूर्धा अशी त्रिस्थळी यात्रा घडते. मी वारंवार पकडला जाई त्याचे हे शास्त्रीय कारण मी आजही सांगतो. माझे जुने सवंगडी मात्र ‘तुझे पाय जड होते’ एवढेच म्हणतात.

एका सामन्याच्या शेवटच्या चढाईत मध्यरेषा हातभर दूर असताना माझा दम तुटला. पंचांना ते कळले नाही. मी रेषेला हात लावला, गुण मिळाला, आम्ही जिंकलो. माझा घोटा धरलेल्या मुलाने ते ऐकले होते. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले आणि हात सोडला. पंचांचा निर्णय मानायला तो शिकला होता. मी केवळ जिंकायला.

पुढे उच्चारातले सूक्ष्म विराम मोजून मी डॉक्टरेट मिळवली. तो एक विराम मात्र कोठेही नोंदवला नव्हता. आज येथे नोंदवतो.

आता मैदान सुटले आहे. माझ्या दमाला उतारवयात एक काना लागला असून डॉक्टर त्याला दमा म्हणतात. तरीही सामना दिसला की मी कुंपणाशी थांबतो आणि चढाई करणाऱ्या मुलाचा श्वास कान देऊन ऐकतो.