पुस्तिका आहे, भाष्य नाहीं

पाणिनीनें सुमारें ४००० सूत्रें रचिलीं. परंतु कात्यायनाचीं वार्त्तिकें व पतंजलीचें महाभाष्य नसतें, तर त्यांतील कित्येकांचा अर्थ लावतां लावतां आमच्यासारख्यांचा जन्म सरला असता. सॉफ्टवेअर विकणारांस मात्र भाष्याची गरज वाटत नाहीं, असा अनुभव आम्हांस मुरबाडांत घरबसल्या आला.

मुरबाड-शहापुराकडील बोलींतील शब्दांचीं आमचीं टिपणें एका जुन्या फॉन्टांत साठविलेलीं आहेत. १९९१ सालीं इस्की हें भारतीय प्रमाण ठरलें, त्याच सालीं युनिकोडही आलें. तरी पुढें बरींच वर्षें प्रत्येक विक्रेत्याचा फॉन्ट अक्षरें आपल्याच सोयीनें मांडीत असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आमचा ‘क’ भलतेंच चिन्ह होऊन बसतो. म्हणून आमच्या पुतण्यानें रूपांतराचा प्रोग्रॅम करण्यासाठीं वार्षिक वर्गणी भरून एक तयार किट घेतलें. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. तींत ‘रूपांतर करा’ या आज्ञेपुढें ‘ही आज्ञा रूपांतर करते’ एवढेंच! एखाद्या विद्यार्थ्यानें ‘घट म्हणजे घट’ असें लिहिलें असतें, तर आम्हीं त्यास बांकावर उभें केलें असतें.

अडलें तें ‘ऱ्य’पाशीं. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, हें वाचकांस सांगावयास नको. युनिकोडांत ‘ऱ’ला ०९३१ हा निराळा क्रमांक असून तो योजिला म्हणजे हें रूप साधतें. किट मात्र सर्व आचाऱ्यांस सरसकट गुरुपद देई, आणि तें कोठें थांबवावें याचा पुस्तिकेंत उल्लेख नाहीं. पुतण्यानें पृच्छा केली. आठ दिवसांनीं उत्तर आलें, ‘पुस्तिका पाहावी.’ पुन्हा लिहिलें, तेव्हां नमुना मागविला. नमुना पाठविला, तर ‘नव्या आवृत्तीची वाट पाहावी.’ नव्या आवृत्तींत आज्ञांचीं नांवें बदललीं, पुस्तिका जुनीच राहिली.

आमच्या तालुक्याच्या सीमेवरच नाणेघाट आहे. तेथील सातवाहनांचा लेख सुमारें २००० वर्षांचा. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपनें ब्राह्मीची उकल केली, त्यामुळें तो वाचतां आला. आमचीं टिपणें पंचवीस वर्षांचीं, त्यांचा कर्ता जिवंत, आणि तीं नीट दिसतात तीं घरांतील एकाच जुन्या संगणकावर! ज्या म्हाताऱ्या कातकरी व ठाकूर बायांनीं ते शब्द सांगितले, त्यांतील बहुतेक आज हयात नाहींत. पुन्हा विचारावें कोणास?

तूर्त पुतण्या स्वतःच कोष्टक मांडीत आहे. आम्ही एकेक जोडाक्षर वाचून दाखवितों, तो क्रमांक लिहितो, आणि तोच क्रमांक कां घेतला तें शेजारच्या रकान्यांत मराठींत लिहावें, असा आमचा हट्ट आहे. काल ‘द्ध’पर्यंत आलों. किटाची वर्गणी संपत आल्याचें स्मरणपत्र मात्र त्यांजकडून अगदीं वेळेवर आलें.